सरांनी न सांगितलेलं नाव

दळवी सरांवर लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. घरात पुस्तकं म्हणजे माझी पाठ्यपुस्तकं, आणि लिहिण्याचा सराव परीक्षेच्या उत्तरांपुरता. सरांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी माणसं उल्हासनगर-अंबरनाथात पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कुणी लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. गप्प बसायची मला सवय आहे. त्या सवयीमुळे काय झालं तेही यात सांगावं लागणार आहे, म्हणून वाचणाऱ्यांची माफी मागून सुरुवात करतो.

सरांचा कॉम्प्युटर क्लास उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये होता. खाली लछमन शेठचं कापडाचं दुकान, वर एक लांबट खोली. तिच्यात तीन मशीन, एक स्कॅनर, आणि फोनला जोडलेला एक मोडेम. मी तेव्हा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. बदलापूरला हेंद्रेपाड्यात घर, कॉलेज उल्हासनगरला. कॉलेज सुटलं की तासभर सरांकडे शिकायला जायचो. पहिल्या दिवशी सरांनी नाव विचारलं नाही.

"कॉमर्स का सायन्स?"

"आर्ट्स," मी म्हणालो.

"आर्ट्स! मग इथे काय, गाणं म्हणायला आलास? बस, ए आर्ट्स. आधी हात धुऊन ये. कोपरापर्यंत."

तेव्हापासून मी 'ए आर्ट्स'. मोरीत साबण ठेवलेला असे आणि कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय मशीनला हात लावायची परवानगी नव्हती. एका मुलाने नुसता नळ सोडून बंद केला. सरांनी त्याच्या हाताचा वास घेतला आणि अशी थोबाडीत दिली की खालून लछमन शेठ ओरडला, "ओ दलवी साईं! छत गिराएगा क्या? नीचे ग्राहक बैठा है!"

सर मारायचे. हे लपवून काही लिहिता येणार नाही. बुटका माणूस, मान जाड, डाव्या कानापासून कॉलरच्या आतपर्यंत भाजल्याचा पांढरा चट्टा. शर्टाच्या बाह्या कायम वर. हात उचलायला त्यांना विचार करावा लागत नसे. मुलींना मात्र ते हात लावत नसत. मुलीची चूक झाली की तिच्या शेजारी बसलेल्या मुलाला बसायची. त्यामुळे मुलींच्या शेजारी बसायला कुणी तयार नसे, आणि मी उशिरा पोचत असल्याने बहुतेक वेळा तीच जागा माझ्या वाट्याला यायची.

सगळ्यात जास्त मार कॉपी-पेस्ट शिकताना पडला. सर म्हणायचे, "हे सगळ्यात सोपं आहे, म्हणून सगळ्यात वाईट आहे." मजकूर उचलायचा, दुसरीकडे चिकटवायचा, आणि चिकटवल्यावर मोठ्याने वाचायचा. न वाचता पुढे गेलं की डोक्यात टपली. "अरे, काय चिकटवलंस ते तुला तरी माहिती आहे का? मशीनच्या पोटात शेवटचं जे गेलंय तेच ते बाहेर काढणार. तुझ्या मनात काय होतं ते त्याला काय ठाऊक!"

क्लासपेक्षा सरांकडे गर्दी व्हायची ती मेल पाठवायला. आमच्या भागातली किती घरं तेव्हा आखातात गेलेल्या माणसांवर चालत होती! मस्कत, दोहा, दम्माम. तिकडच्या कंपन्यांच्या ऑफिसात ईमेल आला होता. ऑफिसातला कारकून मेल छापून कागद त्या त्या माणसाला देई. पत्राला पंधरा दिवस लागत, मेल दुसऱ्या दिवशी हातात. म्हणून बायका यायच्या, म्हातारी माणसं यायची. कुणी कागदावर लिहून आणी, कुणी तोंडाने सांगे. सर इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करत. मेलमध्ये मराठी अक्षरं पाठवली की तिकडे नुसत्या रेघोट्या आणि चौकोन पोचायचे.

फोटोही पाठवत. अंबरनाथच्या एका आजींना नातवाच्या बारशाचा फोटो मुलाला पाठवायचा होता, पण त्यांचा हट्ट असा की फोटोत बापही पाहिजे. बाप तर दम्मामला. सरांनी त्यांच्याकडून लग्नाचा अल्बम मागवला, त्यातला नवरदेव स्कॅन केला, कापला आणि पाळण्याशेजारी आणून चिकटवला. कपाळाला मुंडावळ्या तशाच. आजींनी पडद्याकडे बघून पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, "सर, ह्याच्या खांद्यावर हा हात कुणाचा?"

मनगटापासून तुटलेला एक हात नवरदेवाच्या खांद्यावर राहून गेला होता.

सरांनी अल्बम बघितला. "मामाचा दिसतोय."

"बाकीचा मामा कुठाय?"

"राहिला लग्नात. राहू द्या हो आजी, मामाचा आधार आहे."

आजी हसायला लागल्या आणि फोटो तसाच गेला. त्या दिवशी मी सरांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. हसताना चट्टा ताणला जायचा, आणि मग ते लगेच हसणं आवरायचे.

मेल पाठवण्याबाबत सरांचे नियम ठरलेले होते. लाइन मिळेपर्यंत मजकूर आधी एका साध्या पानावर टाइप करून ठेवायचा. त्या पानाला ते 'पाटी' म्हणत. लाइन लागली की पाटीवरून उचलायचा आणि मेलमध्ये चिकटवायचा. पण पाठवणाऱ्याचं आणि ज्याला पाठवायचं त्याचं नाव कधी चिकटवायचं नाही, दर वेळी हाताने टाइप करायचं. "नाव चिकटवणं म्हणजे माणसाच्या कपाळावर लेबल मारणं," असं म्हणत. आणि मेल गेला की पाटी पुसायची, पाठवलेला मेलही पुसायचा. "दुसऱ्याच्या घरातलं इथे राहता कामा नये." एकदा लछमन शेठ मस्करीत म्हणाला, "साईं, किसकी बीवी क्या लिखती है, थोड़ा हमको भी सुनाओ." सरांनी जिन्याच्या चौथ्या पायरीवरून त्याच्या दिशेने पंचिंग मशीन भिरकावलं. ते कापडाच्या ताग्यात जाऊन रुतलं. तरी शेठने जागा खाली करायला सांगितली नाही. तो मला म्हणाला, "आदमी गरम है, लेकिन ताला है, ताला."

चट्ट्याची हकिकत मला फार उशिरा कळली. ऐंशीच्या दशकात सर अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत होते. तिथे एका दुपारी रिअ‍ॅक्टर फुटला. सरांच्या पाळीतले पाच जण गेले. एक तर त्यांच्या हातातच गेला. त्याला ओढून बाहेर काढलं तेव्हा त्याच्या दंडाची कातडी सरांच्या हातात आली. हे त्यांनी मला सांगितलं नाही. त्यांनी ते इंटरनेटवर लिहिलं होतं.

आपल्या भागातून परदेशी गेलेल्या कुणीतरी तिकडे बसून एक फोरम चालवला होता. सर त्याला 'फळा' म्हणत. गावची आठवण, जुने फोटो, पत्ते शोधणं, असं काय काय लोक त्यावर टाकत. सरांनी त्यावर त्या पाच जणांविषयी लिहिलं. पाच नावं, प्रत्येकाचं गाव, डब्यात काय आणायचा, कसा हसायचा. मी ते वाचलं तेव्हा मला वाटलं, हे आमच्या पुस्तकात का नाही?

एका शनिवारी सरांनी फळा उघडला तर तेच लिखाण दुसऱ्याच्या नावाने दिसलं. शब्द न् शब्द तोच. वर त्या माणसाने लिहिलं होतं, 'माझ्या हातात गेलेले माझे मित्र.' खाली पंधरा-वीस लोकांनी त्याचं कौतुक केलं होतं. कुणी 'डोळ्यांत पाणी आलं' लिहिलं होतं.

सर बराच वेळ वाचत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "ह्याच्या हातात गेला?"

आणि त्यांनी दोन्ही मुठी कीबोर्डवर आपटल्या. एकदा नाही, पाच-सहा वेळा. बटणं उडाली. शेजारी बसलेली मुलगी किंचाळली. "समोर ये!" सर पडद्याला ओरडत होते, "समोर ये, भाडखाऊ! दाखव तुझे हात!" मी आणि आणखी एकाने त्यांना मागून धरलं. माझ्या तोंडावर त्यांचं कोपर बसलं आणि ओठ फुटला.

नंतर त्यांनी खाली बसून बटणं गोळा केली आणि एकेक परत बसवली. मला म्हणाले, "बर्फ लाव." कीबोर्ड चालू झाला. फक्त 'सी'चं बटण कधीकधी दाबून लागत नसे. दहातून एखाद वेळा. आणि 'कॉपी' करायला तेच बटण लागतं.

पुढची हकिकत माझ्या ताईपासून सुरू होते.

ताई अंबरनाथला दिलेली. भावोजी दोह्याला. दोन मुली झाल्यावर सासूचं रोज टोचून बोलणं चालू होतं. भावोजी सुट्टीवर येऊन परत गेले आणि दोन महिन्यांनी ताईच्या लक्षात आलं की पुन्हा दिवस राहिलेत. तिची तब्येत आधीच खालावलेली. तिने ठरवलं की हे ठेवायचं नाही, आणि सासूला कळूही द्यायचं नाही. मेल लिहायला तिने मला बोलावलं. ती चौथीपर्यंत शिकलेली. तिने सांगितलं, मी माझ्या इतिहासाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. लिहिताना मी मान वर केली नाही. 'दोन महिने झाले. मी कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आईंना कळू देऊ नका. हे मी ठेवणार नाही, उल्हासनगरच्या डॉक्टरणीकडे जाऊन येते. रागावू नका.' एवढंच.

दोघं सरांकडे गेलो. सरांनी मजकूर वहीतून पाटीवर उतरवला. लाइन लागत नव्हती. मोडेम किरकिर करी आणि बंद पडे. तेवढ्यात सुलभा आली. बदलापूरला कुळगावातल्या भोईरांची सून, नवरा चौदा महिने मस्कतला. ती नेहमी यायची. दुसऱ्या पाटीवर सरांनी तिचंही लिहून घेतलं. कौलं बदलायचीत, मामंजींचा खोकला, असलं काहीतरी. पाचव्या खेपेला लाइन लागली. सरांनी घाई केली. ताईचा मजकूर उचलला, चिकटवला, वर-खाली नावं टाइप केली, पाठवला. मग सुलभाचा मजकूर उचलला, निदान त्यांना वाटलं की उचलला. 'सी' लागलं नव्हतं. मशीनच्या पोटात शेवटचं गेलेलं ताईचंच होतं. तेच चिकटलं. सरांनी वर तिच्या नवऱ्याचं नाव हाताने टाइप केलं, खाली 'तुमची सुलभा' हाताने टाइप केलं, आणि लाइन जाईल या भीतीने न वाचता पाठवून दिलं. मग नियमाप्रमाणे सगळं पुसलं.

आम्हाला दर वेळी वाचायला लावणारे सर त्या एका दिवशी वाचायचे राहिले.

मस्कतला कारकुनाने तो कागद छापला. नवऱ्याच्या हातात पडण्याआधी तो चारजणांनी वाचला. नवऱ्याने कुळगावातल्या फोनच्या बूथवर फोन करून धाकट्या भावाला, काशिनाथला बोलावून घेतलं. काशिनाथने घरी येऊन दाराचा अडसर काढला आणि सुलभाला मारलं. मग पेंढ्याच्या खोलीत कोंडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आणखी दोघांना घेऊन क्लासवर आला. मी तिथेच होतो. जिन्यावरूनच त्याचा आवाज आला, "मास्तर कोण रे? दरवाजा लावून बायकांना मेल शिकवतो तो?"

"दरवाजा उघडा आहे," सर म्हणाले. "काय पाहिजे?"

"माझ्या वहिनीच्या पोटात कुणाचं आहे ते पाहिजे."

सरांना काही कळेना. काशिनाथने तो मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवला. दोन महिने झाले, कुणाला सांगितलेलं नाही, डॉक्टरणीकडे जाऊन येते. ऐकता ऐकता सरांना उमगलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग मान फिरवली आणि पुन्हा पाहिलं नाही.

"हा मजकूर तिचा नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या बाईचा आहे. माझ्या हातून तिच्या मेलमध्ये गेला. चूक माझी."

"कुठली बाई?"

"नाव नाही सांगणार."

"कारण बाईच नाय! बाप मात्र हाय, हा समोर उभा!"

त्याने सरांची कॉलर धरली. सरांनी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. दात पडला. मग तिघं सरांवर तुटून पडले. खुर्च्या मोडल्या, स्कॅनरची काच फुटून सरांच्या पाठीखाली आली. मी भिंतीला चिकटून उभा होतो. लछमन शेठ मोजपट्टी घेऊन वर धावत आला, त्याचे दोन नोकर आले, तेव्हा ते तिघं गेले. सर जमिनीवर बसून पाठीतली काच काढत होते.

"सर," मी म्हणालो, "ते..."

"ए आर्ट्स, घरी जा."

"पण सर, ती वही..."

"घरी जा म्हटलं ना! अभ्यास कर."

मी घरी गेलो. खरंच गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आमच्या आळीच्या तोंडाशी रिक्षा घेऊन उभे. रिक्षात अख्खा कॉम्प्युटर. "मॉनिटर धर, माझा खांदा उचलत नाही," म्हणाले. आम्ही कुळगावात भोईरांच्या घरी गेलो. सरांनी ओट्यावर मशीन मांडलं, घरातून वायर ओढून घेतली. बघायला आळी जमली. आतून, पेंढ्याच्या खोलीतून, कुणीतरी दारावर हाताने थापट्या मारत होतं. कुणी तिकडे वळून बघत नव्हतं.

सुलभाचे सासरे, भोईरबाबा, खोकत पायरीवर बसले होते. सर त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

"बाबा, हे बटण बघा. हे मी माझ्या रागापायी मोडलंय. हे दाबलं की लिहिलेलं उचललं जातं. पण कधीकधी उचलतच नाही. मग आधीचंच उचललेलं परत बाहेर येतं. तुमच्या सुनेचं पत्र कौलांचं होतं. बाहेर दुसरंच पडलं. दाखवतो."

"मना काय समजत नाय त्या डब्यातला," बाबा म्हणाले. "पन दाखव."

सरांनी दोन ओळी लिहिल्या. पहिली उचलली, चिकटवली. दुसरी उचलली, चिकटवली. दुसरीच चिकटली. पुन्हा केलं. बरोबर चिकटलं. पुन्हा. बरोबर. 'सी'चं बटण त्या सकाळी एकदाही चुकलं नाही. आठ, दहा, पंधरा वेळा. सरांची बोटं घामाने घसरत होती. आळीतली पोरं हसायला लागली.

"झाला का खेळ?" काशिनाथ म्हणाला. त्याचं तोंड सुजलेलं होतं. "बाबा, बटण एकदम झकास हाय. मास्तरचं काम पण झकास हाय."

"आणखी एकदा," सर म्हणाले.

"नाव सांग. मग एकदा काय, शंभरदा कर."

"नाव नाही सांगणार. तिला घरात घे, डॉक्टरकडे ने, तपासून घे. पोटात काही नाहीये तिच्या!"

"आमच्या घरची बाई तुझ्या सांगण्यावरून तपासायची?"

काशिनाथने सरांचा उजवा हात धरून ओट्याच्या दगडी कडेवर दाबला. कुणीतरी आतून पाटा-वरवंट्यातला वरवंटा आणून दिला. कुणी, ते मी पाहिलं नाही. बायकांच्या बाजूने आला. "कंच्या बोटानं लिवलंस?" तो विचारत होता. आणि मारला. सरांचा आवाज मी तसा कधीच ऐकला नव्हता. दुसऱ्यांदा मारला तेव्हा भोईरबाबा उठून मध्ये पडले आणि ओरडले, "बस र! मानूस मारशील!" काशिनाथने वरवंटा टाकला आणि मॉनिटरला लाथ घातली. तो ओट्यावरून खाली पडून फुटला.

मी तिथे पाच हातांवर उभा होतो. माझ्या इतिहासाच्या वहीतलं ते पान तेव्हा माझ्या घरी होतं. त्यावर माझं अक्षर होतं, ताईचे शब्द होते, आणि ज्या दिवशी लिहिलं तो वारसुद्धा होता. ते पान आहे एवढं नुसतं बोललो असतो तरी दुसरा घाव पडला नसता. हे मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं.

मी का बोललो नाही? ताईचं घर मोडेल, वडील मला घरात उभं करणार नाहीत, काशिनाथ ताईच्या दारात जाईल, अशी पुष्कळ कारणं मी स्वतःला दिली. ती सगळी खरी होती. पण त्याखाली साधी भीती होती. वरवंट्याची. सरांची बोटं मोडल्यावरही आणखी तीन दिवस मी गप्प राहिलो. मेल गेल्यापासून तो आठवा दिवस. ताई माहेरी आली होती, डॉक्टरणीकडे जायला माझी सोबत हवी म्हणून. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं.

ताईने आधी मला थोबाडीत मारली. मग विचारलं, "ती पोरगी इतके दिवस कोंडलेली आहे?"

"हो."

"आणि सरांनी माझं नाव नाही घेतलं?"

"नाही."

"तू पण नाही."

तिने चपला घातल्या. मी वही घेऊन मागे धावलो. कुळगावात ओट्यासमोर उभी राहून ती म्हणाली, "त्या कागदावरचं माझं आहे. हे बघा अक्षर, हा माझा भाऊ. पोटातलं माझं आहे, माझ्या नवऱ्याचं आहे. आता दार उघडा." काशिनाथ काहीतरी बोलायला लागला तर ती त्याला म्हणाली, "ए, तू मधे नको बोलूस. बाबांशी बोलतेय मी." भोईरबाबांनी स्वतः उठून कडी काढली.

सुलभा बाहेर आली तेव्हा ताईने माझे डोळे झाकायला हात वर केला. मी वीस वर्षांचा होतो, तरी. सुलभाच्या डाव्या कानातून पू वाहत होता. ती भिंत धरून चालली, ओटा उतरली, रस्त्याला लागली. कुणी हाक मारली त्याला तिने वळून पाहिलं नाही. ती अंबरनाथला आईकडे गेली आणि भोईरांच्या घरात पुन्हा आली नाही.

ताईची बातमी तिच्या सासूपर्यंत संध्याकाळच्या आत पोचली. डॉक्टरणीकडे जाणं राहिलं. तिसरी मुलगीच झाली. ताई तिच्याविषयी कधी कुरकुरत नाही, पण माझ्याशी अजून पूर्वीसारखी बोलत नाही.

या सगळ्यानंतर सर बदलले असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. दोन मशीन उरली होती, त्यांवर क्लास चालू राहिला. उजव्या हाताची तीन बोटं वाकडी जुळली. सर डाव्या हाताने मारायला लागले आणि डाव्या हाताचा नेम चुकवायला आम्हाला सोपं जायचं. मेल पाठवणं मात्र त्यांनी बंद केलं. बायका आल्या की म्हणत, "मला जमत नाही आता, पत्र टाका." मी एकदा धीर करून म्हणालो, "सर, माझं चुकलं." ते मशीन पुसत होते. म्हणाले, "हात धुतलेस का?" मी नाही म्हणालो. "मग धू जा."

काही महिन्यांनी त्यांनी क्लास बंद केला. शेवटच्या दिवशी मी पोचलो तेव्हा टेम्पो भरत आला होता. सर टपावर सामान चढवणाऱ्या हमालाशी भांडत होते, दोघांचे आवाज चढलेले, आणि लछमन शेठ मध्ये उभा राहून दोघांना "छोड़ो साईं, छोड़ो भाई" करत होता. सरांनी मला पाहिलं, वाकड्या बोटांचा हात थोडा वर केला, आणि पुन्हा भांडायला वळले. गाव कोकणात कुठेतरी, एवढंच मला माहीत होतं. पत्ता मी विचारला नाही.

त्यानंतर वर्षभराने मी कॅम्प दोनच्या त्याच गल्लीतून चाललो होतो. तिथे आता जीन्सच्या शिलाईचे कारखाने झालेत. जेवणाच्या सुट्टीत बायका पायऱ्यांवर बसल्या होत्या. त्यांच्यात सुलभा होती. मी पुढे निघून जाणार होतो, पण तिनेच हाक मारली.

"भाऊ, तुम्ही सरांकडे यायचे ना?"

मी थांबलो. काय बोललो ते तिला ऐकू आलं नाही. तिने उजवा कान माझ्याकडे केला.

"तो कागद तुमच्याकडं होता म्हणे."

"हो."

"किती दिवस?"

"आठ."

तिने मान हलवली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"सर इथे आले होते माझ्याकडं, गावी जायच्या आधी," ती म्हणाली. "मी विचारलं, पहिल्याच दिवशी नाव का नाही सांगितलं? म्हणाले, तिलाही मारलं असतं. म्हटलं, म्हणजे मार मी खायचा, असं तुम्हीच ठरवलं. लोक म्हणतात, केवढा मोठा माणूस, हात मोडला पण नाव नाही काढलं. मला कोण विचारतं?  मग सर म्हणाले, मार मला."

"मग?"

"मारली थोबाडीत. इथेच, सगळ्यांच्या देखत. चांगली जोरात. पायरीवर बसले. म्हणाले, हात दुखला का."

आत घंटा वाजली. बायका डबे बंद करून उठायला लागल्या. सुलभानेही तिचा डबा झाकला.

"तुम्ही गेला होता का कोकणात?" तिने विचारलं.

"कशाला?"

 "शेठने सांगितलं नाही तुम्हाला? सरांच्या भावाचा फोन आला होता दुकानात. छाती भरून आली, रत्नागिरीला नेत होते, वाटेतच गेले. दीड महिना झाला." ती उठली, एक पायरी चढून थांबली. "मला वाटलं, तुम्हाला तरी कळलं असेल."

"नाही," मी म्हणालो.

"आता कळलं," ती म्हणाली, आणि आत कामाला गेली.